जुनी स्पोर्ट्स कार उभी करून बक्षीस मिळवायचंय? सोलापुरातून येणारे नेहमीचे प्रश्न

माझ्याकडे १९५१ची एमजी टीडी ही इंग्लंडात बनलेली स्पोर्ट्स कार आहे. दोन दारं, दोन सीट, कापडी टप. सोलापुरातल्या एका गिरणीतल्या साहेबांची ही गाडी. साहेब गेले, गिरणी बंद पडली आणि गाडी रेल्वे लाइन्समधल्या एका शेडमध्ये पोत्यांखाली बावीस वर्षं पडून राहिली. ती उभी करायला मला साडेसहा वर्षं लागली. पुढे तिला दोन बक्षिसं मिळाली: एकदा आपल्या वर्गात दुसरी आली आणि एकदा लांबून चालवत आणल्याबद्दल. तेव्हापासून फोन सुरू झाले ते थांबलेले नाहीत. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते. कोणी विचारलं की आता हेच पाठवणार.

१. हे बक्षीस शर्यतीचं असतं का? सगळ्यात वेगात जाईल त्याला मिळतं?

नाही. वेग कोणी बघत नाही. बक्षिसं साधारण दोन जातीची असतात. एक उभ्या गाडीचं: गाडी मैदानात लावायची, परीक्षक येऊन तपासतात, गुण देतात. याला कॉन्कूर म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ साधा आहे, स्पर्धा. दुसरं चालत्या गाडीचं: ठरलेला रस्ता ठरलेल्या वेळेत पार करायचा किंवा गाडी दूरवरून स्वतःच्या चाकांवर आणायची. काही ठिकाणी दोन्हीचे गुण एकत्र धरतात.

आपल्याकडे दिल्लीची स्टेट्समन रॅली १९६४पासून होते. कार्तिये या दागिन्यांच्या कंपनीचं कॉन्कूर पहिल्यांदा २००८ साली मुंबईत झालं आणि ट्वेंटीवन गन सॅल्यूट नावाचं जुन्या गाड्यांचं संमेलन २०११पासून भरतं. मुंबईचा व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब तर जुनाच आहे. सोलापुरात अशी मोठी स्पर्धा होत नाही. पुणे, मुंबई किंवा आणखी पुढे जावंच लागतं, त्यामुळे गाडी न्यायची कशी हा प्रश्न आपल्याला सगळ्यांच्या आधी पडतो (प्रश्न ११ पाहा).

२. माझी गाडी व्हिंटेज की क्लासिक? वडिलांची पद्मिनी आहे, ती चालेल का?

विचारणारा कोण यावर उत्तर बदलतं. सरकारच्या लेखी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की गाडी व्हिंटेज. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची संघटना, फिवा, ३० वर्षं पुरेशी मानते आणि त्यात वयाप्रमाणे वर्ग पाडते. तिच्या हिशेबात व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० आणि माझी टीडी युद्धोत्तर वर्गात, म्हणजे १९४६ ते १९६० मध्ये बसते. प्रत्येक स्पर्धा स्वतःचे वर्ग छापते, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्यांचं नियमपत्रक मागवून घ्या.

पद्मिनी, ॲम्बेसेडर नक्की चालतात. भारतात बनलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग बऱ्याच ठिकाणी असतो. स्पोर्ट्स कारच्या वर्गात मात्र त्यांना कोणी घेणार नाही. उगाच लाल रंग मारून आणि मागे पट्टा ओढून आणू नका. हे खरंच एकाने केलं होतं, आणि गाडी इतकी चांगली होती की वाईट वाटलं.

३. परीक्षक नक्की काय बघतात? गुण कसे पडतात?

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेकांची समजूत उलटी असते. आपल्याला वाटतं शून्यापासून सुरुवात होते आणि गाडी देखणी असली की गुण चढत जातात. खूपशा पद्धतींत सुरुवात पूर्ण गुणांनी होते आणि दिसेल त्या चुकीला गुण कापले जातात. अमेरिकेतला एएसीए हा जुना क्लब १९३५पासून आहे, त्यांची पद्धत ४०० गुणांची. बाहेरचं अंग, आतलं अंग, चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन असे चार भाग वेगवेगळे परीक्षक वाटून घेतात. गाडी कारखान्यातून निघून डीलरने गिऱ्हाइकाला सोपवली त्या दिवशी जशी असेल, तशी आज आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न.

शेव्हरले कॉर्वेट या एकाच गाडीसाठी १९७४ साली निघालेला एक क्लब आहे, तो याहून कडक. ९४ टक्के आणि वर गुण मिळाले तर टॉप फ्लाइट, ८५च्या वर सेकंड, ७५च्या वर थर्ड. म्हणजे तिथे दहा गाड्यांत पहिली यायचं नसतं, ठरलेल्या रेषेच्या वर जायचं असतं. एका दिवशी पाच गाड्यांना टॉप फ्लाइट मिळू शकतं किंवा एकालाही नाही. मला ही पद्धत आवडते. शेजाऱ्याची गाडी वाईट निघावी अशी इच्छा मनात येत नाही.

फ्रेंच पद्धत म्हणून जी ओळखली जाते तिच्यात मोजमाप कमी आणि एकूण छाप जास्त. गाडीची घडण, इतिहास, शोभा बघतात. मोठ्या कॉन्कूरना हीच चालते. आपल्याकडे मिश्रण असतं. तुमच्या स्पर्धेत कुठली पद्धत आहे ते विचारायला लाजू नका.

आणि हो, काळजीपूर्वक पुसलेली धूळ वेगळी आणि चुकीचा बोल्ट वेगळा. धुळीचा गुण जातो न जातो. बोल्टचा जातोच.

४. जितकी चकचकीत, तितके गुण जास्त ना?

नाही, आणि याचं शिक्षण मी पैसे भरून घेतलं आहे. पहिल्यांदा गाडी तयार झाली तेव्हा मी तीन शहाणपणं केली होती. सीटला सगळीकडे अस्सल चामडं लावलं. टीडीच्या सीटला फक्त बसायच्या आणि टेकायच्या भागाला चामडं असायचं, बाकी अंगाला रेक्झिन. चेसिसला पावडर कोटिंग करून घेतलं, त्यात तोंड दिसायचं. आणि इंजिनावरचे काही ब्रॅकेट, जे मुळात रंगवलेले होते, ते क्रोमवाल्याकडे देऊन टाकले. क्रोमवाला म्हणाला, "अक्का, आरसा करून देतो." दिला की!

परीक्षकांनी तिन्ही ठिकाणी गुण कापले. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ बॉनेट उघडून बराच वेळ नुसते बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "फार सुंदर काम आहे. एमजीवाल्यांनी मात्र एवढे पैसे खर्च केले नव्हते." टीडी ही त्या काळातली परवडणारी गाडी होती. तिला महाराजांची गाडी करायला गेले, तिथे चुकले.

आता वारं आणखी पुढे गेलं आहे. कॅलिफोर्नियातलं पेबल बीचचं कॉन्कूर १९५०पासून भरतं. २०२४ साली तिथे पूर्ण मैदानातलं पहिलं बक्षीस १९३४च्या एका बुगाटीला गेलं आणि ती गाडी नव्याने रंगवलेलीसुद्धा नव्हती. जशी टिकली तशी आणलेली. अशा नवी न केलेल्या गाडीला तिथे पहिलं बक्षीस मिळायची ती पहिलीच वेळ. तेव्हा मूळ रंग साठ टक्के शाबूत असेल तर डेंटरकडे जायच्या आधी चार लोकांना दाखवा. रंग एकदा खरवडला की मूळ रंग परत आणता येत नाही.

५. सोलापुरात पार्ट मिळतात का? की सगळं इंग्लंडहून?

टीडीचं नशीब चांगलं. १९४९ ते १९५३ मध्ये एकूण २९,६६४ टीडी बनल्या, बहुतेक अमेरिकेला गेल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही नवे बनतात आणि मागवता येतात. पण सगळं मागवायला गेलात तर दिवाळं निघेल, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. हे गाव गिरण्यांचं आहे. यंत्रमागाचे शाफ्ट, बुश, गिअर रोज करणारे लेथवाले इथे गल्लोगल्ली आहेत. किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बुश मी अशोक चौकाजवळच्या एका शॉपमधून करून घेतले. हातात धरलं की कळतं, हा माणूस शंभराव्या मिलिमीटरात विचार करतो.

त्याच मामांनी मला टीडीच्या इंजिनाची सगळ्यात विचित्र गोष्ट समजावली. हेडजवळचा एक बोल्ट तुटला होता. मी हार्डवेअरमधून आठ एमएमचा आणला. दोन आटे गेला आणि अडकला. मी जोर लावणार तेवढ्यात त्यांनी हात धरला. "अक्का, थांबा. आठचाच हाय, पन आटा ह्यो न्हाई." पिच गेज लावला. बाजारातल्या आठच्या बोल्टला १.२५चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असतो, याला १.०चा. आणि वर गंमत अशी की बोल्टचं डोकं मेट्रिक नाही, ते इंग्रजी व्हिटवर्थ मापाचं. १३चा पाना बसत नाही, १४चा घसरतो. एक्सपीएजी नावाच्या या १२५० सीसी इंजिनाचं मूळ जुन्या मॉरिसमध्ये आणि त्याच्याही मागे एका फ्रेंच कंपनीत आहे. आटे फ्रेंच राहिले, डोकी इंग्रजी झाली. तो बोल्ट जोराने फिरवला असता तर ब्लॉकमधला आटा गेला असता. तेव्हा व्हिटवर्थ पान्यांचा सेट पहिल्या दिवशी घ्या. माझ्या दोन बोटांवर अजून खुणा आहेत त्या १४च्या पान्याच्या.

वायरिंगचंही सोलापुरातच जमलं. टीडीला कापडी वेणीची वायर असते, वर रंगीत धागा फिरवलेला. आजच्या प्लॅस्टिक वायरीने गाडी चालते पण गुण जातात. आमच्या ओळखीत एकांचं नाडी विणायचं मशीन आहे. वायर त्यातून ओवली, काळ्या सुतात एक हिरवा धागा सोडला. त्यांनी आयुष्यभर परकराच्या नाड्या विणल्या होत्या. वायर बाहेर आली तेव्हा म्हणाले, "हिला गाठ नका मारू म्हंजे झालं." परीक्षकांनी त्या वायरीवर टॉर्च मारला आणि पुढे गेले. काहीही न बोलता पुढे गेले की समजायचं, बरोबर आहे.

बाहेरून मागवाव्याच लागतात त्या गोष्टी म्हणजे कार्बोरेटरच्या सुया आणि जेट, ब्रेकचे रबर आणि ५.५०-१५ मापाचे जुन्या बांधणीचे टायर. रेडियल घातले तर गाडी छान चालते, पण दिसतात लगेच.

६. बॉडीच्या आतलं लाकूड सडलंय. सागवान चालेल का?

टीडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो, आणि ते लाकूड ॲश. आपल्याकडे मिळत नाही. माझ्या गाडीत डाव्या दाराखालचा भाग वाळवीने खाल्ला होता, तिथे मी सागवान घातलं. चालतं, टिकतं. मात्र जे केलंय ते फाइलमध्ये लिहून ठेवा आणि विचारलं तर सांगा. मला एकाने सल्ला दिला होता की कोणी आत बघत नाही, गप बसा. परीक्षकांनी दार उघडून बोटाने वाजवून बघितलं. मी आधीच सांगितलं होतं म्हणून निभावलं.

७. कसली फाइल? कागदपत्रं इतकी महत्त्वाची असतात का?

गाडीइतकीच. जुनं आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, आधीच्या मालकाचे फोटो, दुरुस्तीआधीचे आणि दुरुस्ती चालू असतानाचे फोटो, जुन्या रंगाचा एखादा टवका प्लॅस्टिकच्या पिशवीत. माझ्या डॅशबोर्डच्या मागे मूळ रंग सापडला, तोच माझा सगळ्यात भक्कम पुरावा. त्यासाठी डॅशबोर्ड उघडताना भावाने व्हिडिओ काढला होता. तेव्हा हसले होते मी त्याला.

चेसिस नंबर नीट वाचून घ्या, घासलेला असेल तर खडूने. टीडीचे नंबर ०२५१पासून सुरू होतात, ०००१पासून नाही. कारण काय, तर इंग्लंडात ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता! म्हणून कोणी तुम्हाला "टीडी नंबर ०१००, अगदी पहिल्या शंभरातली" म्हणून गाडी विकायला आला तर चहा पाजा आणि परत पाठवा.

८. चेसिस आणि इंजिनाचे नंबर मूळ जोडीचे नाहीत. संपलं का सगळं?

नाही. सत्तर वर्षांत इंजिन बदललेलं असणं सामान्य आहे. त्याच जातीचं, त्याच काळातलं इंजिन असेल तर बऱ्याच ठिकाणी काही गुण जातात, गाडी बाद होत नाही. जिथे मूळ जोडीला महत्त्व आहे तिथे थोडा जास्त फटका बसतो.

गुन्हा ठरतो तो नंबर घासून नवीन ठोकण्याचा. स्पर्धेतून बाहेर काढतातच, शिवाय आरटीओचं आणि पोलिसांचं प्रकरण होतं ते वेगळं. आणि टीडीत ॲम्बेसेडरचं इंजिन बसवलेलं असेल तर चालवायला मजा येईल, पण कॉन्कूरचा विचार सोडा आणि पुढचा प्रश्न नीट वाचा.

९. आरटीओत व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी का? एमएच १३ नंबर जाईल का?

जुलै २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी कलमं घातली. थोडक्यात असं: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, खासगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. अर्ज फॉर्म २०वर. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. नवीन नोंदणीला राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए असलेला नंबर मिळतो.

गाडीची आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर कायम ठेवता येतो. तेव्हा वडिलांच्या हातचा नंबर जाईल म्हणून रडू नका, असं मी एका काकांना फोनवर तीनदा सांगितलं.

तोटा हा की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि तिथवरचं येणंजाणं यासाठीच. दर गुरुवारी अक्कलकोटला दर्शनाला न्यायची असेल तर साधी नोंदणी चालू ठेवा आणि मुदतीप्रमाणे नूतनीकरण करत राहा. मी तेच केलं आहे. एजंटला "व्हिंटेज" म्हटलं की त्याचा आकडा आपोआप वाढतो, म्हणून खिडकीवर स्वतः जा. इंजिन बदललेलं असेल तर आधी ते आरसीवर चढवून घ्या.

१०. एप्रिल-मेमध्ये गाडी गरम होऊन बंद पडते. आणि हे ई-२० पेट्रोल?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण विचारणारे एकत्रच विचारतात.

सोलापूरचा उन्हाळा ४२-४३च्या पुढे सहज जातो. ही गाडी इंग्लंडच्या हवेसाठी बनलेली. गाडी थांबवून चहा प्यायलात, दहा मिनिटांनी परत आलात आणि सुरू होत नाही, तर बहुतेक वेळा पेट्रोलची नळी आणि पंप तापून आत वाफ झालेली असते. पंप टक-टक-टक करत राहतो, थांबतच नाही, कारण तो वाफ ढकलतोय. उपाय सोलापुरी आहे: टॉवेल ओला करून पंपावर आणि नळीवर टाका, बॉनेट उघडं ठेवा, पंधरा मिनिटं थांबा. माझ्या गाडीत बाराही महिने एक टॉवेल असतो. त्याआधी रेडिएटर आतून साफ करून घ्या. माझ्या ब्लॉकमधून जवळजवळ पाऊण किलो गाळ निघाला, बोअरच्या पाण्याचा. तेव्हापासून बोअरचं पाणी टाकलेलं नाही. गाडी जानेवारीत काढा, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आसपास. तेव्हा तिच्यासारखी शहाणी गाडी नाही.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपलाच साखर कारखान्यांचा जिल्हा, आपल्याच उसाचा माल, तक्रार कुणाकडे करणार? पण जुन्या रबराला तो खातो. नळ्या मऊ होतात, कार्बोरेटरमधली पॅकिंग फुगते, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून टाकीला आतून गंज धरतो. नळ्या आणि पॅकिंग इथेनॉलला टिकणाऱ्या मटेरियलची घाला, बाहेरून दिसायला जुनीच. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. आणखी एक: २०००पासून आपल्याकडे शिशाचं पेट्रोल बंद आहे, आणि जुनी इंजिनं त्या शिशावरच बेतलेली होती. हेड उतरवलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) बसवून घ्या. दिसत नाही, म्हणून गुण जात नाहीत.

११. स्पर्धेला गाडी चालवत न्यायची की टेम्पोत टाकून?

टेम्पोत टाकून नेण्यात लाज नाही. पण माझं मत विचाराल तर चालवत न्या, आणि मोठमोठ्या स्पर्धाही हळूहळू तिकडेच येत आहेत. पेबल बीचला १९९८पासून स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी रस्त्यावरची फेरी असते. दोन गाड्यांचे वर्गात गुण सारखे झाले तर फेरी पूर्ण करणारी वर जाते. वर सांगितलेल्या कॉर्वेटच्या क्लबमध्ये वेगळी चाचणी आहे. गाडी रस्त्यावर घेऊन परीक्षक बसतो आणि वायपरपासून घड्याळापर्यंत सगळं चाललंच पाहिजे. तिथे गुण नसतात, पास किंवा नापास. त्यांचं एक फार मानाचं बक्षीस कॉर्वेटचा इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह याच्या नावाचं आहे आणि या चाचणीशिवाय ते मिळत नाही.

आता माझी हकीकत. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर. पहाटे साडेतीनला निघाले, भाऊ मागे आमच्या रोजच्या गाडीतून. मोहोळच्या पुढे डॅशवरचा लाल दिवा लागला. टीडीत एकच बेल्ट पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवतो. तो तुटला की पाच मिनिटांत काटा वर. बेल्ट तुटला होता. माझ्याकडे स्पेअर होता, गेल्याच महिन्यात एका दुकानातून घेतलेला. लावायला गेले तर अर्धा इंच आखूड. दुकानदाराने नजरेने दिलेला, मी नजरेने घेतलेला. मापून बघायला काय झालं होतं मला?

सात वाजेपर्यंत रस्त्याकडेला बसलो. मग भाऊ मोहोळला परत गेला, ट्रॅक्टरच्या स्पेअरचं दुकान उघडायची वाट बघितली, तुटलेला बेल्ट दाखवून त्याच मापाचा घेऊन आला. थोडा रुंद होता, पण बसला. इंदापूर, भिगवण, पुणे. पोचलो तेव्हा अंगावर धूळ, हातांना ग्रीस, आणि गाडी पुसायला फक्त दीड तास.

परीक्षकांच्या कागदावर नंतर वाचलं: "फॅन बेल्ट अयोग्य, ट्रॅक्टरचा" आणि त्यापुढे कापलेला गुण. त्याच संध्याकाळी सर्वांत लांबून स्वतःच्या चाकांवर आल्याचं बक्षीस मिळालं. तो बेल्ट घरी खिळ्याला टांगला आहे. बक्षिसापेक्षा तोच जास्त लोक बघतात.

सोबत काय न्यायचं: मापून घेतलेला बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, पेट्रोलची नळी दोन फूट, पाण्याचा कॅन, व्हिटवर्थ पाने आणि टॉवेल.

१२. वेळेच्या रॅलीत लवकर पोचलं तर जास्त गुण?

उलट दंड. उशिराला जसा, तसाच लवकर येण्यालाही. सरासरी वेग आयोजक देतात, तुम्ही तो धरून राहायचं. शेजारी हिशेब पक्का असलेला माणूस बसवा. गाडीतलं कळणारा नको, तो सगळा वेळ इंजिनाचा आवाज ऐकत बसतो आणि वळण चुकवतो.

१३. सीट बेल्ट, इंडिकेटर, अग्निशामक लावले तर मूळपणा जातो का?

माझ्या टीडीला कारखान्यातून यातलं काहीच नव्हतं. हात बाहेर काढून वळायचं. अग्निशामक बहुतेक स्पर्धांना हवाच असतो, एएसीएत तो नसेल तर गुण जातात. तो सीटखाली ठेवा. कायद्याने किंवा सुरक्षेसाठी लावलेल्या गोष्टी समंजस परीक्षक सोडून देतात, पण पत्र्याला भोकं न पाडता बसवा म्हणजे काढता येतात. त्या काळी कारखान्याच्या यादीत मिळणारी जादा वस्तू मात्र मूळच धरतात. यादीचं पान फाइलमध्ये लावा (प्रश्न ७).

१४. गाडीखाली तेलाचे थेंब पडतात. बाद होईल का?

टीडीला मागच्या मेन बेअरिंगला आजच्यासारखं सीलच नाही, तेल परत ओढणारे आटे आहेत. गाडी थांबली की थोडं गळणारच. चार थेंबांना कोणी काही म्हणत नाही. थारोळं झालं तर म्हणतात. ट्रे ठेवा आणि परीक्षक यायच्या आधी काढा.

१५. काम मी स्वतः केलेलं नाही, मेकॅनिकने केलं. मग बक्षीस माझं कसं?

बक्षीस गाडीला असतं. पण तो दिवस मेकॅनिकला सोबत घेऊन जा, त्याच्या नावाची पाटी लावा. माझ्या पहिल्या स्पर्धेला लेथवाले मामा आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शॉपवर मी पेढे घेऊन गेले तर तिथे आधीच पेढे वाटले जात होते.

१६. खर्च किती येतो?

गाडी घेतली त्याच्या दुपटीहून जास्त दुरुस्तीला गेले. दोन वर्षांनंतर वहीत लिहिणं बंद केलं, त्यामुळे पुढचं मला ठाऊक नाही आणि घरच्यांनाही नको. रंगापेक्षा क्रोम महाग पडतं, क्रोमपेक्षा चुकलेलं काम. प्रश्न ४मधलं चामडं आठवा.

१७. परीक्षक आले की काय बोलायचं?

नमस्कार करा, विचारतील तेवढं सांगा, मध्ये बोलू नका. हॉर्न, दिवे, वायपर आदल्या रात्री तीनदा तपासा. माझ्या पहिल्या खेपेला "हॉर्न वाजवा" म्हणाले आणि हॉर्नने उंट ओरडल्यासारखा आवाज काढला. परीक्षक हसले, मीही हसले. गुण गेला.

१८. गाडी बघायला येऊ का?

या. पाऊस नसेल तर रविवारी सकाळी साडेसहाला सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने एक फेरी असते, नंतर पार्क चौकात चहा. मुलांना हॉर्न वाजवू देते, आता चांगला वाजतो. बॉनेट कोणी स्वतः उघडायचं नाही. आणि मे महिन्यात येणार असाल तर तुमचा टॉवेल तुम्ही आणा.